बाकावरचं मूल घरी काय करतं? वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना शिकवायला लागणाऱ्यांसाठी

शाळेत नवीन मूल आलं की त्याला काय येत नाही याची यादी आठ दिवसांत तयार होते. वाचन कच्चं, पाढे येत नाहीत, भाषा शुद्ध नाही, लक्ष नसतं. त्याला काय येतं याची यादी मात्र वर्ष संपलं तरी कुणी करत नाही. ही दुसरी यादी कशी करायची आणि ती हाती आल्यावर शिकवण्यात नेमकं काय बदलायचं, एवढ्यापुरता हा लेख आहे. नव्याने वर्ग हाती घेतलेल्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल, तसाच शाळांबरोबर काम करायला निघालेल्यांना आणि या विषयावर पहिलावहिला छोटा अभ्यास करू पाहणाऱ्यांनाही.

आधी दोन शब्दांचा घोळ निस्तरू

'मुलांच्या संस्कृतीची दखल घेणारं शिक्षण' म्हटलं की बहुतेक शाळा एखादा कार्यक्रम बसवतात. वेगवेगळे पोशाख, नाच, भिंतीवर नकाशा, मुख्याध्यापकांचे चार शब्द. दुसऱ्या दिवशी गणिताचा तास होता तसाच. कार्यक्रम जरूर करा, फक्त त्याला हे नाव देऊ नका.

अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी आफ्रिकन-अमेरिकन मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षकांचा अभ्यास केला आणि १९९५ साली तीन कसोट्या मांडल्या. मुलं अभ्यासात खरोखर पुढे गेली पाहिजेत. पुढे जाताना आपली भाषा, आपली माणसं, आपली ओळख वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. आणि भोवताली जे अन्यायाचं आहे ते ओळखून त्यावर प्रश्न विचारण्याची समज त्यांना यावी. यातली अभ्यासाची कसोटी लोक सगळ्यात आधी विसरतात. 'बिचाऱ्यांना सोपंच देऊ या' असं म्हणणारा दयाळू शिक्षक याच कसोटीवर नापास होतो.

दुसरा शब्द समन्याय. सगळ्यांना सारखं वाटलं की ती समानता, ज्याला जे लागतं ते त्याला मिळालं की तो समन्याय. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमधल्या चिनी वंशाच्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. पुस्तकं तीच, शिक्षक तेच, वर्ग तेच, मग भेदभाव कुठे झाला, असा बचाव होता. शिकवण्याची भाषाच ज्याला कळत नाही त्याच्या हातात तेच पुस्तक ठेवल्याने समान वागणूक होत नाही, असा निकाल लागला. तुमच्या शाळेत कुणी 'आम्ही सगळ्यांना एकसारखंच वागवतो' असं अभिमानाने म्हणालं, तर वाद घालत बसू नका. पुढची पहिली पायरी एकदा करून दाखवा.

पायरी १. वर्गाचा नकाशा काढा

एका कागदावर बाकांची मांडणी काढा आणि प्रत्येक चौकोनात मुलाचं नाव लिहा. एखाद्या सहकाऱ्याला तासभर मागे बसायला सांगा. तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात त्याने एक रेघ मारायची. प्रश्न 'का' किंवा 'कसं' असा असेल तर त्या रेघेभोवती गोल करायचा. रागावलात की फुली. मुलाने आपणहून काही विचारलं की बाण. सहकारी मिळाला नाही तर फोनवर तासाचा आवाज मुद्रित करा, संध्याकाळी ऐकत स्वतः खुणा करा आणि मग ते मुद्रण पुसून टाका.

माझा पहिला नकाशा मी बरेच दिवस कुणाला दाखवला नव्हता. गोल जवळजवळ सगळे पुढच्या बाकांवर, फुल्या मागे. आणि खिडकीकडच्या दोन चौकोनांत काहीच नाही. रेघ नाही, फुलीसुद्धा नाही. त्या दोघांची नावं मला नीट उच्चारता येत नव्हती. ज्याचं नाव घेताना जीभ अडखळते त्याला हाक मारायचं आपण टाळतो, आणि टाळतोय हे आपल्या गावीही नसतं. दुसऱ्या दिवशी दोघांना जवळ बोलावून नावं म्हणून घेतली, मला ऐकू आली तशी वहीत लिहिली, आठवडाभर रोज म्हटली. सोपं टोपणनाव देऊन यातून सुटका करून घेऊ नका.

असे निदान तीन नकाशे तीन वेगळ्या विषयांच्या तासांना काढा. एकाच तासावरून निष्कर्ष काढला तर तो त्या दिवसाच्या डोकेदुखीचाही निष्कर्ष असू शकतो.

नकाशाबरोबर आणखी एक गोष्ट मोजायची: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हे वर्गावर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत असल्याचं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. जी मुलं घरच्या भाषेत विचार करून शाळेच्या भाषेत उत्तर देतात त्यांना तर हे दोन सेकंद फार मोलाचे. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते. मी बुटाच्या आत अंगठ्याने तीन ठोके मोजायचे.

आणि गप्प मूल म्हणजे मठ्ठ मूल, हा हिशोब लगेच मांडू नका. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूलनिवासी मुलांबद्दल सूसन फिलिप्स यांनी १९७२ साली लिहिलं. ही मुलं सगळ्या वर्गासमोर एकट्याने उभं राहून उत्तर द्यायला नाखूश असायची. पण गटात काम दिलं किंवा शिक्षक बाकाशी येऊन बसले की तीच मुलं मोकळी होत. घरी त्यांची शिकण्याची रीत अशी की मोठ्यांचं नीट पाहायचं, थोडा हात लावायचा, एकट्याने करून बघायचं आणि जमलं की मग चारचौघांना दाखवायचं. शाळेची रीत बरोबर उलटी. तिथे सगळ्यांदेखत चुकत चुकत शिकायचं.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवर याच्या दुसऱ्या टोकाचं दिसलं. तिथली मूलनिवासी मुलं गप्पा मारताना एकमेकांचं वाक्य उचलतात, मध्येच भर घालतात, दोघं-तिघं मिळून एक गोष्ट पुरी करतात. वर्गात याला गोंगाट म्हणतात. कॅमेहामेहा शाळांच्या एका प्रकल्पात वाचनाच्या तासाला हात वर करण्याचा नियम सैल करून याच पद्धतीने धड्यावर बोलू दिलं. कॅथरिन ऑ यांनी १९८० साली त्या तासांचं बारकाईने विश्लेषण केलं. गोंगाट वाटणाऱ्या त्या बोलण्यात मुलं धड्याविषयीच बोलत होती आणि एकमेकांच्या आधाराने अर्थ लावत होती.

म्हणजे एकीकडे जास्त शांतता लागते, दुसरीकडे कमी. कुठल्या वर्गाला काय लागतं ते तुमचा नकाशा सांगेल. 'अमक्या समाजाची मुलं ऐकून शिकतात, तमक्यांची करून' असले तक्ते मात्र कुणी हातात दिले तर बाजूला ठेवा. ती जुन्याच पूर्वग्रहाची नवी छपाई असते.

पायरी २. घरी जा, पण तपासणीला नको

सगळ्या कामात हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात जास्त बिघडतोही हाच.

ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरात लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच संशोधक करून मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांत पाठवलं. त्यांचा १९९२चा लेख या विषयात आजही पहिल्यांदा वाचायला देतात. शिकवायला नाही, शिकायला जायचं, अशी अट होती. बांधकाम, शेती, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा छोटा व्यापार, अशा कितीतरी गोष्टींचं पक्कं ज्ञान त्या घरांत निघालं. त्याला त्यांनी नाव दिलं 'ज्ञानाच्या ठेवी'. त्यांतला एक मुलगा मेक्सिकोहून येताना तिथली मिठाई आणून विकायचा, हे शिक्षिकेला घरभेटीत कळलं. त्यावरून तिने मिठाईवर अख्खा पाठ उभा केला. घटक पदार्थ, दोन देशांतला फरक, जाहिरात, हिशोब. एका पालक बाईंनी वर्गात येऊन मिठाई करून दाखवली.

वाचायला हे सोपं वाटतं. मी पहिल्या घरी गेले ती छापील तक्ता घेऊन. उत्पन्न, घरातली माणसं, अभ्यासाला वेगळी जागा आहे का. आईने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं आणि दर उत्तरानंतर माझ्या पेनकडे बघितलं. दहा मिनिटांत भेट संपली. चूक पूर्णपणे माझी होती. त्या घराने आजवर तक्ता घेऊन येणारी जी माणसं पाहिली होती ती काहीतरी नाकारायलाच आलेली होती.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते.

दिवस आणि वेळ पालकांनी सांगायची. घरी नको म्हणाले तर घराबाहेर, त्यांना सोयीचं असेल तिथे भेटायचं, आणि भेटच नको म्हणाले तर तेही हसून मान्य करायचं. दोघांनी मिळून जायचं. फक्त 'अडचणीच्या' मुलांकडे जायचं नाही, नाहीतर बाई घरी येणं म्हणजे तक्रार हे समीकरण पक्कं होतं. सगळ्यांकडे जाणं झेपणार नसेल तर हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून नावं काढायची. हातात कागद नको. आठवेल तेवढं त्याच संध्याकाळी लिहायचं.

भाषा वेगळी असेल तर दुभाषा मोठं माणूस हवं. मुलालाच मध्ये बसवून त्याच्याबद्दल बोलू नका. त्याच्यावर ते ओझं होतं आणि आईवडिलांना अवघडल्यासारखं वाटतं.

विचारायचं काय? घरात कोणतं काम याच्यावर सोपवलेलं आहे? ते त्याला कुणी शिकवलं, कसं शिकवलं? कशात तासन्‌तास रमतो? तुम्ही लहानपणी शाळेबाहेर काय शिकलात? शाळेने याच्याबद्दल काय जाणून घ्यावं असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा पालक आधी गप्प बसतात, कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. थांबा. इथेही अंगठ्याचे ठोके कामी येतात. उत्पन्न, धर्म, कागदपत्रं, घरातले ताणतणाव यांतलं काही विचारायचं नाही. आपणहून सांगितलं तर ऐकायचं, लिहायचं नाही. मूल धोक्यात आहे असं दिसलं तरच गोष्ट वेगळी. तेव्हा शाळेचा आणि कायद्याचा जो मार्ग ठरलेला असेल त्याने जायचं.

आता एक भेट सविस्तर सांगते. भूमितीच्या तासाला कोरा कागद देणारी एक मुलगी होती. तिच्या घरी गेले तेव्हा आई जमिनीवर कापड पसरून बेतत होती. कापड जरा कमीच होतं. मुलगी बाजूला बसून कागदाचे नमुने त्यावर ठेवून बघत होती. तिने बाहीचा नमुना आडवा केला. आई म्हणाली, "तसा नको, धागा आडवा जाईल, बाही नीट पडणार नाही." मुलीने क्षणभर बघितलं आणि नमुना पूर्ण उलटा फिरवला, खालचं टोक वर. धागा उभाच राहिला आणि शेजारच्या तिरक्या बाजूत बाही चपखल बसली. आईने मान हलवली आणि खडू उचलला. दोघींपैकी कुणालाच यात विशेष काही घडलं असं वाटलं नाही.

पाव फेरा घेतला की दिशा बदलते, अर्धा फेरा घेतला की रेषा मूळ रेषेला समांतरच राहते. हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर शिकवत होते, आणि ती मुलगी कोरा कागद देत होती.

पायरी ३. एकच धडा बदला

अख्ख्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलायला निघू नका. दमाल आणि मुख्याध्यापकही वैतागतील. एक घटक निवडा.

मी वरच्या भेटीवरून केलेला धडा असा. प्रत्येक गटाला ६० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटरचा कागद, म्हणजे आमचं कापड. त्यातून कापायचे पाच तुकडे, काही सरळ बाजूंचे, काही तिरक्या. प्रत्येक तुकड्यावर बाण काढलेला. नियम एकच: सगळे बाण कागदाच्या लांब कडेला समांतर हवेत. कमीत कमी वाया घालवा आणि किती टक्के वाया गेलं ते काढा. मग प्रश्न: कोणता तुकडा किती फिरवला? पाव फेरा का चालला नाही? आरशातल्यासारखा पालथा घातला तर चालेल का, आणि कोणत्या आकाराला चालेल?

त्या मुलीला आधी एकटीला विचारलं होतं, "तू घरी करतेस ते वर्गात घेऊ का? तुझं नाव सांगू की नको?" ती म्हणाली, घ्या पण नाव नको. तासात पंधरा मिनिटांनी तिनेच शेजारच्या गटाला सांगितलं की असं नाही, उलटा फिरव. मूल आपलं घर वर्गात किती आणू देईल ते त्याने ठरवावं. न विचारता केलेलं कौतुकही त्याला उघडं पाडू शकतं.

आता या धड्यातली सर्वांत कंटाळवाणी आणि टाळता न येणारी पायरी. शेवटच्या दहा मिनिटांत पाठ्यपुस्तकातला, परीक्षेच्या भाषेतला प्रश्न त्याच कल्पनेवर सोडवून घ्यायचा. कापड, बाण, फेरा यांच्या शेजारी 'परिवलन', 'समांतर', 'क्षेत्रफळ' हे शब्द फळ्यावर लिहायचे. उत्साही शिक्षक नेमके हेच सोडतात आणि मग धडा रंगला पण मुलं परीक्षेत तिथेच राहिली अशी तक्रार येते.

घरच्या आणि शाळेच्या गणितातला हा पूल किती गरजेचा आहे हे ब्राझीलमधल्या एका छोट्या अभ्यासात लख्ख दिसतं. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन यांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले. एका नारळाचे ३५ क्रुझेरो, दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन घेऊन २१०, मग ३१५, आणि शेवटी ३५०. शाळेत दहाने गुणताना शून्य जोडायला शिकवतात, ती युक्ती त्याने वापरलीच नाही. असे ६३ प्रश्न झाले आणि ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तीच आकडेमोड कागद-पेन्सिलीवर दिली. शाब्दिक उदाहरणांत ७३.७ टक्के बरोबर, आणि नुसत्या मांडलेल्या बेरीज-गुणाकारांत ३६.८ टक्के. १९८५ साली छापलेल्या या अभ्यासात मुलं तीच होती, बदलला तो प्रश्न विचारण्याचा ढंग. पाचच मुलांवरून जगाबद्दल बोलू नये, हे खरं. पण 'याला गणित येत नाही' असं लिहिण्याआधी कोणत्या गणिताबद्दल आपण बोलतोय एवढं थांबून बघावं.

पायरी ४. घरची भाषा

गटात बोलताना, कच्चा मसुदा लिहिताना, एकमेकांना समजावताना मुलांना जी भाषा जवळची ती वापरू द्या. तुम्हाला ती येत नसली तरी. अंतिम उत्तर शाळेच्या भाषेत हवं असेल तर त्यासाठी लागणारे शब्द आणि वाक्यांचे साचे आधी फळ्यावर द्या. 'मला असं वाटतं, कारण…', 'दोन्हींत फरक असा की…'. एवढ्याने लेखनात फरक पडतो.

बोलीतलं वाक्य 'अशुद्ध' म्हणून लाल करू नका. 'घरी असं म्हणतो, परीक्षेत असं लिहितो', असे दोन रकाने करा आणि मुलांनाच भरायला सांगा. म्हणून प्रमाण भाषा शिकवायचीच नाही, असा अर्थ काढू नका. लिसा डेलपिट यांनी १९८८ साली याच भाबडेपणावर बोट ठेवलं होतं. ज्यांच्या घरी सत्तेची भाषा बोलली जाते त्यांना ती आपोआप मिळते, ज्यांच्या घरी नाही त्यांना ती शाळेने उघडपणे, नियम सांगून शिकवायला हवी. मला हे पटतं. मुलाच्या प्रेमापोटी त्याला दुसरा रकानाच न देणं हा अन्यायच आहे.

प्रश्नांची घडणही भाषेचाच भाग. शर्ली ब्राइस हीथ यांनी कॅरोलिना भागातल्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं राहून पाहिलं की काही घरांत मोठी माणसं मुलांना 'हे काय आहे?' असं विचारतच नाहीत. उत्तर माहीत असताना कशाला विचारायचं? ते विचारतात, 'हे कशासारखं आहे?' अशी मुलं शाळेत येतात, बाई फळ दाखवून 'हे काय?' विचारतात आणि मूल गोंधळतं. एवढ्या वेळा फळ बघून बाईंना अजून कळलं नाही? दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारा.

वर्गातल्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. शेल्फवरची वीस पुस्तकं काढा आणि बघा, तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाला त्यांत स्वतःसारखं कुणी भेटतं. भेटलं तर ते नेहमी गरीब, दुःखी किंवा सणाच्या कपड्यांतच असतं का? एक तरी पुस्तक असं हवं की ज्यात ते मूल साधंसुधं, खोडकर, कंटाळलेलं आहे. एवढं पुरे.

पायरी ५. फरक पडला का, ते मोजा

इथे 'संशोधन' हा शब्द ऐकून घाबरू नका, पण वाटेल ते मोजून 'यशस्वी' असंही लिहू नका.

प्रश्न अरुंद ठेवा. 'माझं शिकवणं समन्यायी आहे का?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'नकाशावर ज्यांच्या चौकोनात गोल नव्हते त्यांना सहा आठवडे का-कसंचे प्रश्न विचारले, तर त्यांच्या लेखी उत्तरांत कारण देणारी वाक्यं वाढतात का?' हा मोजता येतो. सुरुवात करण्याआधीची दोन लेखी कामं जपून ठेवा. उत्तरपत्रिकांवरची नावं झाकून, आधीच्या-नंतरच्या मिसळून, सहकाऱ्याकडून तपासून घ्या. आपल्याच मुलांच्या बाबतीत आपण फार उदार असतो.

दोन सापळे ध्यानात ठेवा. एक, सगळ्यात कमी गुण मिळालेली मुलं निवडली तर पुढच्या वेळी त्यांचे गुण काही न करताही थोडे वर येतात, कारण तो एखादा दिवस वाईट असतो. म्हणून तुलनेला दुसरा वर्ग किंवा दुसरा घटक ठेवा. दोन, सरासरी फसवते. वर्गाची सरासरी वाढली आणि ज्यांच्यासाठी काम केलं ती मुलं होती तिथेच, असं होऊ शकतं. गटागटाने वेगळं बघा. पण एखाद्या गटात दोन-तीनच मुलं असतील तर तो आकडा बाहेर देऊ नका, सगळ्यांना ती कोण ते कळतं.

या विषयावरचे बरेच अभ्यास लहान आहेत, एखाद-दुसऱ्या वर्गाची वर्णनं आहेत. ती उपयोगी आहेत, पण त्यांवरून 'सिद्ध झालं' म्हणू नका. मोठ्या आणि काटेकोर अभ्यासाचं उदाहरण हवं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं घ्या. तिथे नववीतल्या ज्या मुलांची आठवीची सरासरी श्रेणी (४ पैकी) २.० च्या खाली होती त्यांना वांशिक समूहांच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम दिला गेला. थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी या रेषेच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या मुलांची तुलना केली, म्हणजे एरवी सारखीच मुलं. २०१७ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षात हजेरी २१ टक्के बिंदूंनी आणि सरासरी श्रेणी १.४ ने वाढलेली दिसली. आकडे फार मोठे आहेत. पण तो अभ्यासक्रम काळजीपूर्वक तयार केलेला होता आणि निष्कर्ष त्या रेषेजवळच्या मुलांपुरता आहे. लेखकांनीही दुसरीकडे तो सरसकट लागू करताना जपून राहायला सांगितलं आहे.

मुलांना विचारायला विसरू नका. 'या तासाला तुझं बोलणं कुणी ऐकलं असं वाटलं का? केव्हा?' एवढे दोन प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता.

आणि परवानगी. पालकांची लेखी, मुलाची तोंडी, दोन्ही केव्हाही मागे घेता येणारी. मूलनिवासी समाजांच्या माहितीबद्दल २०१९ साली 'केअर' नावाची चार तत्त्वं मांडली गेली: समाजाचं सामूहिक हित, माहितीवर त्यांचा अधिकार, वापरणाऱ्याची जबाबदारी आणि नैतिकता. ती कोणत्याही वस्तीला लावून बघावीत. निष्कर्ष छापण्याआधी पालकांना वाचून दाखवा. माझ्या एका टिपणातलं 'घरी शैक्षणिक वातावरण नाही' हे वाक्य एका वडिलांनी ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे काय नाही?" मला उत्तर देता आलं नाही, वाक्य खोडलं.

पायरी ६. साथ मिळवा

एकटा शिक्षक हे दोन वर्षं करतो, मग थकतो. त्याचा दोष नाही.

न्यूझीलंडमधल्या 'ते कोताहितांगा' प्रकल्पातून शिकण्यासारखं बरंच आहे. रसेल बिशप, मेरे बेरीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तिथल्या मूलनिवासी माओरी समाजातल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. आमच्या अभ्यासावर सगळ्यात जास्त परिणाम शिक्षकांशी असलेल्या नात्याचा होतो, असं मुलं सांगत होती. बरेच शिक्षक मात्र मुलांच्या घराकडे आणि उणिवांकडे बोट दाखवत होते. मग एक भाषण ठेवून प्रशिक्षण संपवलं नाही. प्रशिक्षित व्यक्ती वर्गात येऊन निरीक्षण करायची, नंतर शिक्षकाशी बसून बोलायची, एकाच वर्गाला शिकवणारे सगळे शिक्षक एकत्र बसून पुराव्यावरून पुढचं उद्दिष्ट ठरवायचे आणि ते गाठायला कुणीतरी सोबत करायचं. हा फेरा पुन्हा पुन्हा चालायचा.

तुम्हाला एवढी यंत्रणा मिळणार नाही. पण मुख्याध्यापकांकडे तीन नेमक्या गोष्टी मागा. आठवड्यातून एक तास सहकाऱ्याच्या वर्गात बसायची मोकळीक. घरभेटींचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरणं. दुभाष्याचा खर्च. 'पाठिंबा द्या' असं मोघम मागितलं तर मोघम पाठिंबा मिळतो. जाताना पहिला नकाशा बरोबर न्या, पण स्वतःच्या वर्गाचा. दुसऱ्या शिक्षकाचा नकाशा त्याच्या परवानगीशिवाय वरिष्ठांपुढे ठेवलात की पुढे कुणी तुम्हाला मागच्या बाकावर बसू देणार नाही.

वर्ष संपताना

प्रत्येक मुलासाठी अर्धं पान पुढच्या वर्गशिक्षकाला द्या. नावाचा उच्चार. घरात त्याच्यावर असलेलं काम आणि त्यात त्याला जे येतं ते. कोणत्या रीतीने विचारलं की बोलतं: एकटं, जोडीत की गटात. कोणता धडा त्याच्या ठेवीवर बांधला आणि पाठ्यपुस्तकाच्या भाषेपर्यंत तो पोचला की अजून अर्ध्यावर आहे. घरातल्या अडचणी, पैसा, कुणाचं आजारपण यांतलं काही लिहायचं नाही. पान आधी पालकांना वाचून दाखवायचं आणि ते म्हणतील ते खोडायचं किंवा घालायचं.

त्या मुलीच्या आईने तिचं पान ऐकलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. मी लिहिलं होतं, 'आईला बेतायला मदत करते.' तिने सांगितलं, "मदत नाही. बाह्या तीच बेतते."